वर्लिन टकेटचा कान

वर्लिन टकेट माझ्या बहिणीचा नवरा. ही ओळख मी खुशीनं देत नाही. युला गेली तेव्हा नातंही संपलं, असं मी ठरवून टाकलं होतं. पण हार्लन फोर्कसारख्या गावात ठरवून काही संपत नाही. एक पेट्रोलपंप, एक चर्च, आणि गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर दर शनिवारी दुपारी गाड्यांच्या शर्यती. त्या पट्टीच्या कुंपणाला लागून माझी खाण्याची टपरी. म्हणजे दर शनिवारी ह्याचं थोबाड माझ्या खिडकीत.

"चिली डॉग," तो म्हणायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. चिली डॉग म्हणजे पावात सॉसेज आणि वरून खिम्याची तिखट चिली.

"कांदा?"

तो मान हलवायचा, मी कांदा घालायचे, तो खायचा. आता गंमत अशी की कांद्यानं ह्याच्या छातीत जळजळ होते. युलानं उभ्या संसारात कांदा बाजूला काढून ह्याला जेवायला वाढलं. मला वाटलं, मेला मुद्दाम खातो, बहीण गेली म्हणून मला डिवचायला. एका शनिवारी माझंही डोकं सरकलं होतं. तो खिडकीशी उभा, नजर पट्टीकडे. मी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "मेलेला उंदीर घालू का वरून?"

वर्लिननं मान हलवली.

तेव्हा मला कळलं. ह्याला ऐकू येत नाही. समोर तोंड असलं तर ओठ बघून चालवून नेतो, नाहीतर मान हलवतो. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. हाती आलेला दगड लगेच भिरकावण्याचा माझा स्वभाव नाही, मी तो पदरात बांधून ठेवते.

आणि दगडही साधासुधा नव्हता, कारण वर्लिनचं गावातलं नावच 'कान' होतं. तरुणपणापासून. कुणाच्याही गाडीचं इंजिन चालू करायचं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, त्याची मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह," म्हणायचा, आणि उघडून बघितलं की तिसऱ्याचाच व्हॉल्व्ह. पार टेक्सासच्या हद्दीपासून लोक गाड्या घेऊन यायचे. शर्यतीतही तसंच. बाकीच्यांच्या गाड्यांत इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारं मीटर असायचं, काटा वर गेला की ते गिअर टाकायचे. वर्लिनच्या गाडीत मीटर नव्हतंच. इंजिन किती फिरतंय ते तो नुसतं ऐकायचा, आणि दुसरा गिअर असा टाकायचा की कुंपणावरची माणसं जीभ टाळ्याला लावून 'टक्' करायची. "काटा बघून गिअर टाकणारा माणूस," तो टपरीसमोर सगळ्यांना ऐकवायचा, "बायकोलासुद्धा घड्याळ बघून मिठी मारत असेल."

हसायचे सगळे. युला हसायची नाही. तिला मिठी मारायला ह्याला घड्याळ बघूनही वेळ नव्हता. ती गेली त्या आठवड्यातसुद्धा शनिवारी हा पट्टीवर होता. शेवटच्या वर्षात ती माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणायची, "नेल्डा, तो मला उत्तरच देत नाही गं. मी हाक मारते, तो मागे वळूनसुद्धा बघत नाही. माझं काय चुकलं?" ते मी विसरलेले नाही. मरेपर्यंत विसरणार नाही.

मग गेल्या पानगळीत ह्याचं जुनं इंजिन फुटलं. आतली बेअरिंग आधी बरेच दिवस ठोकत होती. मला टपरीतून ऐकू येत होतं, तेलात बटाट्याच्या फोडी सोडताना. ह्याला नाही. इंजिनाच्या पोटातून दांडा बाहेर आल्यावर म्हणाला, ओतकामच भिकार होतं. नाचता येईना अंगण वाकडं. लोकांनी आणलेल्या गाड्यांचंही तेच चाललं होतं. हा डोळे मिटून स्क्रू-ड्रायव्हर धरायचा आणि काहीतरी ठोकून द्यायचा. चुकलं की पेट्रोल खराब.

हे डॉयल प्रुइटच्या लक्षात आलं. डॉयल ह्याचा जुना वैरी. किती जुना, आणि वैर कशावरून, ते दोघांनाही आठवत नसेल. तो पंपावर उभा राहून सांगायला लागला, "टकेटचा कान गेला रे. म्हातारा नाटक करतो नुसता." आणि भर चर्चच्या पायरीवर त्यानं आव्हान दिलं, उन्हाळ्याच्या पहिल्या शनिवारी दोघांची शर्यत. वर्लिन हो म्हणून बसला. जिंकला असता, गिअर पूर्वीसारखे पडले असते, तर डॉयलचं तोंड बंद झालं असतं. नाहीतर 'कान' हे नाव गेलं, आणि त्या नावाशिवाय वर्लिन टकेटपाशी दुसरं काहीच नव्हतं. बायको होती, तिची त्यानं काय किंमत केली ते मी सांगितलंच. मुलगी होती, तिचं आता सांगते.

रोनेल त्यांची एकुलती एक. हातात पाना घेऊनच वाढली. पण नव्या इंजिनांना कॉम्प्युटर असतो, आणि ती त्यात शिरली. लॅपटॉप लावून इंजिनाचं सगळं बदलायची, हाताला ग्रीस न लागता. वर्लिननं सगळ्या पट्टीसमोर सांगितलं, "ही मिस्त्री नाही, टायपिस्ट आहे." त्या दिवशी तिनं बापाचं गॅरेज सोडलं आणि माझ्या घरामागच्या शेडमध्ये आपलं काम थाटलं. मी भाडं घेत नाही. वर्लिनला झोंबतं, तेवढं मला पुरतं. आमच्या भागात मुली म्हाताऱ्या झाल्या तरी बापाला डॅडी म्हणतात. रोनेल त्या दिवसापासून त्याला वर्लिन म्हणते.

इंजिन फुटल्यावर त्यानं भंगारातल्या ट्रकचं आठ सिलिंडरचं नवं इंजिन आणून आपल्या जुन्या दोन दारांच्या गाडीत बसवलं. नवं इंजिन आलं म्हणजे त्याच्या मागे कॉम्प्युटरचा डबा आलाच. आणि मग वर्लिन टकेटनं गुपचूप मीटर विकत घेतलं. आधी स्वतःच लावायला गेला. जुन्या गाडीत सोपं होतं, सगळ्या सिलिंडरना मिळून ठिणगी देणारी एकच कॉइल, तिला एक वायर जोडली की काटा हलला. नव्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला आपली वेगळी कॉइल. ह्यानं त्यातलीच एक धरून वायर जोडली. काटा मेल्यासारखा पडून राहिला आणि इंजिन एका पायावर लंगडायला लागलं. लंगडतच गाडी माझ्या अंगणात आली.

मी शेडमध्ये रोनेलला जेवण द्यायला गेले होते. निघून जायला हवं होतं. मी खुर्ची ओढून बसले.

"मीटर लावायचंय," वर्लिन म्हणाला.

"तुला?" रोनेल हसली. "घड्याळ बघून मिठी मारायची वेळ आली का?"

"लावतेस की जाऊ?"

"जा की. कोण लावून देतंय ते बघ. डॉयलचा पुतण्या लावतो, त्याच्याकडे जा."

तो गेला नाही. जाणार कुठे? गावात दुसऱ्या कुणाकडे गेला असता तर संध्याकाळपर्यंत डॉयलला कळलं असतं. रोनेलनं हात पुसले. "कशाला हवंय ते सांग. खरं सांग, मग लावते."

"हल्ली सगळेच लावतात."

"तू सगळ्यांतला कधीपासून झालास?"

"तोंड फार चालतं तुझं."

"कुणाच्या वळणावर गेलंय ते बघ."

ती अवजारं घ्यायला त्याच्या मागे गेली आणि तिच्या हातून लोखंडी ट्रे फरशीवर आदळला. मी दचकले. कुत्रं पळालं. वर्लिन भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा होता, पापणीसुद्धा हलली नाही. रोनेलनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्यानंतर ती एक अक्षर खवचट बोलली नाही. तेच मला आवडलं नाही.

तिनं त्याची वायर उपटून फेकली. कॉम्प्युटरच्या वायरींच्या जुडग्यातून एक बारीक पांढरी वायर शोधून काढली. मीटरसाठी डबा विजेचे ठोके पाठवतो ते हिच्यातून, म्हणाली, पण ते इतके अशक्त असतात की मीटरला जाणवत नाहीत. म्हणून तिनं त्या वायरीला बॅटरीकडून एक रेझिस्टर जोडला, ठोक्यांना जोर यावा म्हणून. मग मीटर डॅशबोर्डवर पट्ट्यानं आवळलं, आणि त्याच्या पाठीवरचं लहानसं बटण फिरवलं. त्यावर चार, सहा, आठ असे आकडे होते. तिनं चारवर ठेवलं.

वर्लिननं ते पाहिलं. "आठ सिलिंडर आहेत त्याला. मोजता येतात का?"

रोनेल त्याच्या अगदी समोर आली, सावकाश बोलली. "इंजिनाला आठ आहेत. पण हा डबा ठोके चार सिलिंडरच्या हिशेबानं पाठवतो. बनवलाच तसा. आठवर ठेवलंस तर मीटर निम्मंच दाखवेल. चार. हात लावायचा नाही."

"आणि तो लगाम काढ." इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या वर जाऊ लागलं की कॉम्प्युटर आपणच त्याचं पेट्रोल तोडतो, त्याला तो लगाम म्हणायचा. "मी पाय कधी उचलायचा ते डबा मला शिकवणार नाही."

तिनं लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं. "काढला."

तो गेला. आभार वगैरे त्याच्या कोशात नाहीत. मी विचारलं, "खरंच काढलास?"

"वेडी आहेस का, मावशी? बहिऱ्या माणसाच्या पायाखाली बिनलगामाचं इंजिन देऊ?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुला माहीत होतं."

"होतं."

"कधीपासून?"

"विचारू नकोस," मी म्हटलं, आणि ताटं उचलून घरात आले.

शनिवारी वारा सुटला होता, लाल माती चिलीत पडत होती, आणि सगळं गाव कुंपणाला लागलं होतं. रोनेल माझ्या खिडकीशी उभी होती. खाणार नाही म्हणाली. रांगेत वर्लिनची गाडी आणि डॉयलची गाडी शेजारी शेजारी होत्या. डॉयल उगाच उतरला, वर्लिनच्या बॉनेटला टेकला, आणि समोरच्या काचेतून आत डोकावला. डॅशबोर्डवर मीटर होतं आणि त्याची पाठ काचेकडे होती.

"अरे देवा!" डॉयल ओरडला. "या रे, बघा रे! टकेटनं मीटर लावलंय! आणि लावलंय ते चारवर! काय रे वर्लिन, भंगारवाल्यानं फसवलं की काय तुला? बायकांची किराणा आणायची गाडी आहे ही?"

रांगेतली माणसं खो-खो हसायला लागली. वर्लिनला शब्द ऐकू गेले नसतील, पण हसणारी तोंडं दिसत होती आणि डॉयलचं बोट कुठे रोखलंय तेही दिसत होतं. आमच्या गावात आठ सिलिंडरवाल्याला चार म्हणणं म्हणजे त्याच्या आईवरून बोलणं आहे. माणसं दंडावर आठ गोंदवून घेतात, थडग्याच्या दगडावर कोरायला सांगतात. वर्लिनचा हात मीटरच्या मागे गेला.

रोनेलनं पाहिलं. मीही पाहिलं. ती कुंपणाकडे धावली, तारेला लटकली, आणि जीव तोडून ओरडली, "डॅडी! चारवर ठेव! डॅडी, चारवर!"

किती वर्षांनी तो शब्द. कुंपणावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेला. ज्याच्यासाठी होता त्यानं हेल्मेट चढवलं, काच खाली केली.

दिव्यांचा खांब हिरवा झाला. वर्लिन सुटला, आणि काय सुटला! डोळे अजून शाबूत आहेत त्याचे. डॉयलच्या पुढे गाडीभर गेला. इंजिन चढत गेलं, चढत गेलं, आता गिअर पडायला हवा होता, माझी जीभ टाळ्याला लागली होती, आणि गिअर पडला नाही. लगामानं पेट्रोल तोडलं. फाट्-फाट्-फाट्-फाट्. गाडी उचक्या देत होती आणि वर्लिनचा पाय तसाच दाबलेला होता. त्याच्या समोरचा काटा निम्म्यावर होता ना! धक्के त्याला जाणवत असणार, पण तो समजला इंजिन कुठेतरी चुकतंय, मुलीनं वायर कच्ची जोडलीय. काटा म्हणतोय अजून वेळ आहे. ज्या माणसानं जन्मभर काट्याला शिव्या दिल्या, त्यानं त्या दिवशी डोळे मिटून काट्यावर विश्वास ठेवला.

डॉयल त्याच्या बाजूनं निघून गेला. वर्लिन पट्टीच्या टोकापर्यंत पहिल्याच गिअरमध्ये, फाट्-फाट्-फाट् करत गेला. आधी लोक हसले. मग हसणं थांबलं, कारण ते संपेचना. चर्चच्या गायकवृंदातली बाईसुद्धा सांगू शकली असती की गिअर टाक. शेवटी कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, त्याला ऐकू येत नाहीये."

झाकली मूठ उघडली. मी एवढे दिवस पदरात बांधून ठेवलेला दगड मला फेकावाच लागला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही, खोटं कशाला बोलू. पण तारेला लटकलेली रोनेल माझ्यासमोर होती.

वर्लिन परतला आणि बॉनेट आपटून उघडलं. "टायपिस्ट!" तो गरजला. बहिऱ्या माणसाचा आवाज नेहमीच जरा चढा असतो, त्या दिवशी तर सगळ्या पट्टीला पुरला. "काय वायर जोडलीस? पट्टीभर इंजिन मरत होतं!"

रोनेलनं त्याचा हात धरून मीटरच्या मागे नेला आणि बटणावर ठेवला. आठ. तो बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात बाकीचंही उजाडलं.

"लगाम काढ म्हटलं होतं."

"हो."

"काढला म्हणालीस."

"खोटं बोलले."

मला वाटलं, हात उगारतो आता. पण त्याचा आवाजच उतरला. "फुटू द्यायचं होतंस, पोरी."

ह्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. आमच्या पट्टीवर इंजिन फुटलं की लोक उठून टोप्या काढतात. डांबरावरचं तेल पुसायला वैरीसुद्धा झाडू घेऊन येतो, आणि फुटक्या लोखंडाचा एक तुकडा कुंपणाला टांगतात, खाली माणसाचं नाव लिहून. फुटलेल्या इंजिनाला कुणी विचारत नाही का फुटलंस. इंजिन फुटलं असतं तर वर्लिन टकेट अजूनही 'कान' राहिला असता. इंजिन सुरक्षित होतं, आणि नाव गेलं होतं.

"तू आत होतास," रोनेल म्हणाली. त्याला कळलं नाही. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवलं, आणि एकेक शब्द चावून म्हणाली, "तू. आत. होतास. मूर्खा. पायाखाली फुटलं असतं. पाय गेला असता तुझा."

त्यानं तिचे हात झटकले, गाडीत बसला, आणि घरी निघून गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पुढच्या शनिवारी तो येणार नाही, अशी पंपावर सगळ्यांची खात्री होती. आला. गाडी न घेता, चालत. माझ्या खिडकीशी रांग होती, तिच्यात उभा राहिला. लोक त्याच्याकडे न बघण्याचं नाटक करत होते, डॉयलसुद्धा. त्याची पाळी आली.

"चिली डॉग," तो म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत पुढे म्हणाला, "कांदा नको. आणि मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही."

एवढंच बोलायचं होतं ह्याला. दोन वाक्यं. ही दोन वाक्यं घरी, स्वयंपाकघरात, वेळेवर बोलला असता तर माझी बहीण स्वतःला दोष देत मेली नसती. तिला वाटत राहिलं की नवऱ्यानं आपल्याला टाकलंय. ह्याला गावातलं नाव जपायचं होतं म्हणून ह्यानं तिला तसं वाटू दिलं. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले, त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "युला तुला हाका मारायची, वर्लिन! शेवटचं वर्षभर! तिला वाटलं तू मुद्दाम बोलत नाहीस!"

वर्लिन माझ्या ओठांकडे बघत होता. मग त्यानं नजर खाली घेतली.

"ऐकू आलं," तो म्हणाला.

मी त्याचं ताट भरलं. कांदा घातला नाही. तो ताट घेऊन कुंपणाशी गेला, जिथे रोनेल उभी होती, आणि तिच्यापासून दोन हात अंतर ठेवून खाऊ लागला.